आठवी नदी

गंगेपासून सुरू झालेली नावं कावेरीपाशी संपायला हवी होती. संपली नाहीत. बाथरूमच्या बंद दाराआड चारुदत्तांनी आणखी एक नाव घेतलं, आणि बाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या शीलानं ते ऐकलं.

"डॅन्यूब."

त्या उन्हाळ्यापासून कॅनडातल्या लव्हालच्या या घरात हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. शीलाची तशी ताकीदच होती. त्यांचा मुलगा मिलिंद तेव्हा मित्रांबरोबर व्हिएन्नाला फिरायला गेला होता. तिथे त्या नदीत होडी उलटली. मित्र पोहून काठाला आले. मिलिंद सापडलाच नाही. ती नदी पुढे स्लोव्हाकिया, हंगेरी, सर्बिया असे देश ओलांडत पार काळ्या समुद्राला मिळते, हे शीलानं नकाशावर बोट फिरवून पाठ केलं होतं. एवढ्या लांबच्या काठाला कुठेतरी तो लागला असेल. डोक्याला मार बसून स्वतःचं नाव विसरला असेल. एकदा स्कारबरोहून शैलेंद्रभाऊजींचा फोन आला. "वहिनी, आता त्याचं श्राद्ध करून टाका," एवढंच ते म्हणाले. तिनं दिराशी बोलणं टाकलं. दर हिवाळ्याआधी ती मिलिंदच्या गाडीला बर्फात लागणारे विंटर टायर बसवून घ्यायची.

चारुदत्त यावर काही बोलत नसत. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, देवापुढे कधी उभा न राहिलेला माणूस. या थंडीत मात्र त्यांनी शॉवरखाली अंघोळ करणं सोडलं. टबात स्टूल आणि बादली मांडली. लहानपणी वडील करत तसं सात नद्यांची नावं घेऊन त्यांना अंघोळीच्या पाण्यात बोलवायला लागले. म्हातारपणी सुचतं एकेकाला, म्हणून शीला हसली होती.

आज तिनं दार ढकललं. पंचा गुंडाळून ते बादलीपुढे बसले होते. अंग कोरडंच होतं.

"अहो, त्या नदीला माझ्या घरात बोलावता?"

ते ओशाळले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. आवाजाच्या रोखानं बघत राहिले.

"बाकीच्या सात आपल्या उगीच, शीला. आमंत्रण तिलाच आहे."

"कशाला? तिचं काय काम आहे इथे?"

"ती एकटी कशी येईल?"

शीला भिंतीवरच्या टाइल्सकडे बघत राहिली. बादलीकडे बघायचं नव्हतं. मग बघितलं. पाणी अगदी स्थिर होतं.

"चुकलं माझं," चारुदत्त गडबडीनं उठत म्हणाले. "ओतून देतो." त्यांनी बादलीच्या कडीला हात घातला.

"ओतू नका."

ती टबाशी गुडघ्यांवर बसली. बाही वर न करताच तिनं बादलीत हात घातला, कोपरापर्यंत, आणि तसाच ठेवला. बोलावण्यात वेळ गेल्यानं पाणी पार निवलं होतं.

दुसऱ्या हातानं तिनं गरम पाण्याचा नळ सोडला.

"किती गार पडलाय हो हा," ती म्हणाली.