डाग पडणारी झाडं

पालघरच्या कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवल्यानंतर दीपा बोईसरच्या एका केमिकल कंपनीत मुलाखतीला गेली. टेबलावर तिचाच पीएच.डी.चा प्रबंध होता. खराब हवेमुळे कोणकोणत्या झाडांच्या पानांवर डाग पडतात, ते त्यात होतं.

"मॅडम, अख्खा वाचला," साहेब म्हणाले.

तिच्या गाईडनेही तो अख्खा वाचला नव्हता.

"नेमकी हीच झाडं आमच्या कंपाउंडला लावून ठेवलीत कुणा शहाण्याने. प्रदूषण मंडळाच्या तपासणीच्या आत ही सगळी काढायची आणि डाग न पडणारी लावायची. नोकरी कायमची. जमेल?"

साहेबांनी पुढे केलेल्या, काढायच्या झाडांच्या यादीवरून दीपाने सावकाश बोट फिरवलं.

"यात एक राहून गेलंय, सर," ती म्हणाली. "शेवगाही लिहून घ्या."