मागच्या सीटवर

मेस्त्री हवा बघायला उकिडवा बसला आणि तसाच थांबला. बायकोच्या स्कूटरचे मागचे फुटरेस्ट उघडे होते. एक नव्हे, चांगले दोन्ही.

बायको दवाखान्यात केसपेपर काढायला बसते. जाते एकटी, येते एकटी. मग हे उघडले कुणी? बरं, तिची एखादी मैत्रीण बसली असती तर एका बाजूला पाय सोडून बसली असती, डावीकडचा तेवढा उघडला असता. दोन्ही उघडे म्हणजे दोन्हीकडे पाय टाकून ऐसपैस बसणारा कुणीतरी. मेस्त्रीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तसा हा गडी भलता तयारीचा. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत गाडी बघून सगळं ओळखायचा. परवाच एका मास्तरांना त्याने भर दुकानात ऐकवलं होतं, "तिसाच्या वर नेत नाही म्हणता ना सर? मग ब्रेक कशाने झिजले, प्रार्थनेने?" बिचारे मास्तर ओशाळून गेले. माणसं थापा मारतात, गाडी मारत नाही, असं मेस्त्री छातीठोकपणे सांगायचा.

आता घरचीच गाडी बोलायला लागली होती. टायरच्या खाचांत बारीक खडी अडकलेली, आणि दवाखान्याच्या वाटेवर तर सगळं डांबर. डाव्या मुठीचं रबर अर्धं फिरलेलं. बिनगिअरच्या गाडीला डावी मूठ पिळायचं कामच काय? ते काही त्याच्या डोक्यात शिरेना.

जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं केलं, "गाडीवर मागे कुणी बसलं होतं का गं?"

"कोण बसणार? तुम्हाला तर माझ्यामागे बसायची लाज वाटते," असं म्हणून ती हसली.

हसली! मेस्त्री उगाच भात कालवत राहिला. शेजारी त्याचे वडील गुणगुणत जेवत होते. वाचनालयात जायला लागल्यापासून म्हातारा खुशीत होता. दोन वर्षांपूर्वी ते वळणावर घसरले, मेस्त्रीने त्यांची जुनी स्कूटर परस्पर विकून टाकली, आणि तेव्हापासून ते घरात असून नसल्यासारखेच असत. चला, निदान एकाचं तरी बरं चाललंय, असं मेस्त्रीला वाटलं.

त्याने फुटरेस्ट मिटून ठेवले आणि डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. मंगळवारी उघडे. बुधवार, गुरुवार मिटलेले. शुक्रवारी पुन्हा उघडे. म्हणजे भेटायचे वारसुद्धा ठरलेले! त्याला रात्री झोप लागेना आणि दिवसा पाने हातातून सटकायला लागले. वीस वर्षांचा संसार, आणि आपल्याला पत्ता नाही?

पुढच्या मंगळवारी अडीचलाच त्याने शटर ओढलं, गिऱ्हाइकाची मोटरसायकल काढली आणि दवाखान्यासमोर एका टेम्पोच्या आड जाऊन उभा राहिला. तीन वाजता बायको बाहेर आली. तिने सीट फडक्याने पुसली, हेल्मेट घातलं आणि निघाली. घराचं वळण तिने सरळ मागे टाकलं. गाडी मात्र काय झोकात चालवत होती! मेस्त्रीला तशाही परिस्थितीत कौतुक वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात ती वळली. खडीवर एक माणूस आधीच हेल्मेट चढवून तयार उभा होता. ती उतरली. तो पुढे बसला. ती दोन्हीकडे पाय टाकून मागे बसली आणि तिने त्याचे दोन्ही खांदे गच्च धरले.

मेस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोटरसायकल तिथेच सोडून तो फाटकातून आत धावला.

स्कूटर आवाराला वळसा घालून त्याच्याच दिशेने येत होती. वळणावर त्या माणसाचा डावा हात मूठ पिळत होता, जणू गिअर टाकतोय. नसलेला गिअर! चाळीस वर्षं गिअरची स्कूटर चालवलेल्या माणसाचाच हात तो.

"सूनबाई, धर गं घट्ट!" तो माणूस ओरडला आणि खदखदून हसला. बाबांचं हे हसू मेस्त्रीने दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग बाबांना मुलगा दिसला. स्कूटर खर्रकन थांबली. बाबा घाईघाईने उतरले, हेल्मेट काढलं आणि किल्ली पुढे करून उभे राहिले.

"चुकलो रे. हिला बोलू नकोस, मीच मागे लागलो होतो. परत नाही करणार."

"नाही बाबा, तसं नाही," मेस्त्री म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटत होतं की रडू येईल की काय असं झालं. "चालवा की तुम्ही. खुशाल चालवा."

"डॉक्टरांनी केव्हाच हो म्हटलंय," बायको म्हणाली. "तुम्हीच नाही म्हणाला असता, म्हणून सांगितलं नाही." मग तिची नजर फाटकाबाहेरच्या मोटरसायकलवर गेली. "दुकान बंद केलंत?"

"हं."

"बाबांना शोधायला आलात?"

मेस्त्री पायाने खडी उकरू लागला.

"दवाखान्यापासूनच आलात ना?"

त्याने मान खाली घातली. बाबा बापडे दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना काहीच उमगत नव्हतं. बायकोचा चेहरा मात्र उतरला. तिने बाबांच्या हातातली किल्ली त्यांच्याच मुठीत मिटली.

"चला बाबा, घरी. तुम्हीच चालवा."

"रस्त्यावरून?"

"रस्त्यावरून."

बाबा पुन्हा पुढे बसले. ती मागे बसली.

"अगं, ऐक तर," मेस्त्री म्हणाला.

"तुम्ही या मागून," ती वळून न बघताच म्हणाली. "जमतंय की तुम्हाला."