गाढीकाठचा खुंट

काशिरामने पुन्हा थाळी बडवली, तशी अविनाशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळीच रेडिओवर हलक्या सरी सांगितल्या होत्या!

सुकापूरच्या खालच्या आळीचा रिवाज जुना. गाढी नदीच्या काठावर एक खुंट ठोकलेला. त्याला पाणी लागलं की काशिरामने थाळी बडवायची आणि आळीने वरच्या आळीतल्या आपापल्या नातलगांकडे जायचं. त्या दिवशी कुणी कुणाला नाही म्हणायचं नाही, जुनी भांडणं उकरायची नाहीत. काशिरामही लेकीच्या ओटीवर जाऊन बसे. अविनाश पडला भाडेकरू. तो आणि त्याची बायको नीता गावदेवीच्या देवळात बसत.

पण पाणी आळीत शिरतच नव्हतं. मागच्या खेपेला चढावर नीताचा पाय घसरला, तोही आठव्या महिन्यात. आता थाळी ऐकूनही काही घरं जागची हलेनाशी झाली होती. उद्या खरंच पूर आला तर? अविनाशने काशिरामला गाठलं.

"काशिरामदादा, खुंट कुणी हलवत तर नाही ना?"

"कोन हलवल? पानी लागलंय, जाऊन बगा!" म्हातारा गुरकावला.

अविनाशने जाऊन पाहिलं. पाणी लागलं होतं खरं, पण खुंटाभोवतीची माती ताजी उकरलेली होती. म्हणजे रिकाम्या घरांत हात मारायचा डाव! अजून कुणाचं काही गेलं नव्हतं, पण म्हातारा बेरकी, दमाने घेत असणार.

पुढच्या पावसात त्याने रजा टाकली आणि भर दुपारी काठावरच्या झुडपात दबा धरून बसला. थोड्या वेळाने डोक्यावर इरलं घेतलेलं कुणीतरी आलं. खुंट उपटला, खाली पाण्यालगत नेऊन दगडाने ठोकू लागलं.

अविनाशने झेप घेऊन मनगट धरलं. हातात बांगड्या लागल्या.

इरल्याखाली मैना होती, काशिरामची लेक. वरच्या आळीत स्वतःच्या मर्जीने लग्न केलेली.

"अच्छा! खुंट तू हलवायचा, थाळी बापाने बडवायची. दोघं मिळून घरं धुताय होय?"

"माज्या बाला यातलं काय बी ठाव नाय, दादा." तिने हात सोडवून घ्यायची धडपडही केली नाही. "पूर आल्याबिगर तो माज्या दारात पाय ठेवत नाय."