दोन बदल

शाल्मलीनं रेसिंग गाडीच्या सस्पेन्शनचे, चाकांचे हादरे शोषणारे आठ रबरी बुश काढले; तीन फाटलेले निघाले.

"म्हणूनच जोरात पळवली की मागची चाकं थडथडतात, पकड सुटते," ती म्हणाली. कॉलेजच्या रेसिंग टीमची ड्रायव्हर तीच होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं! अ‍ॅक्सिलरेटरवर तुझाच पाय थरथरतो गं," कॅप्टन निषाद हसला. "बुश बदल खुशाल. पण आज चालवणार मी."

"बुश आणि ड्रायव्हर दोन्ही एकदम बदलले, तर दोष कुणाचा ते कसं कळणार? आधी एक फेरी मला मारू दे."

"कळलंय सगळ्यांना."

तिनं नवे बुश बसवले. त्यानं अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. गाडी सुतासारखी सरळ सुटली. टाळ्या पडल्या. टीमच्या सरांनी स्पर्धेसाठी तिच्या जागी त्याचं नाव लावलं.

सेन्सरचे आकडे शाल्मलीनंच वाचले. मागच्या चाकांची उसळी आधी नऊ मिलिमीटर होती, आता एक. ती बुशमुळे कमी झाली की ड्रायव्हरमुळे, ते आकड्यांत कुठेच नव्हतं.