भांड्याच्या बुडाशी

नवा पूल सुरू व्हायचा म्हणून चर्चच्या तळघरात गावजेवणाची टेबलं मांडली होती. त्यातल्या एका टेबलावर ऑर्विन लुंडेला आपल्या बायकोचं भांडं दिसलं.

काचेचं, चौकोनी, बाजूला निळी फुलं. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तो मार्लिसनेच नळावर आपटून उडवला होता. आत कुणीतरी केलेले बटाटे आणि हॅम होतं, वरचं चीज जरा करपलेलं.

त्याने भांडं एका बाजूने हळूच उचललं आणि वाकून खाली बघितलं. बुडाला कागदी चिकटपट्टी होती. तिच्यावर निळ्या शाईत मार्लिस लुंडे. गावातल्या सगळ्याच बायका अशी पट्टी लावतात, म्हणजे जेवण उरकलं की ज्याचं भांडं त्याच्या घरी जातं. मार्लिस नावाखाली एक रेघ ओढायची आणि शेवटी ती वर वळवायची. ती रेघ तिथे होती.

"काय रे, खाली काय शोधतोस? उंदीर शिजवलाय असं वाटलं की काय?"

मागे वर्ना उभी होती, गेलन हृश्काची बायको.

"हे मार्लिसचं आहे," ऑर्विन म्हणाला.

वर्नाचं हसू मावळलं. "हो रे. माझी आई गेली तेव्हा तिने यात जेवण पाठवलं होतं. मग पूर आला. नंतर तुझ्याकडे कुठल्या तोंडाने यायचं, तेच कळेना. आज देणारच होते."

"मग दे."

"अरे, भरलेलं भांडं कुणी उचलून नेतं का? रिकामं तर होऊ दे."

पूर आला तेव्हा रेल्वेत नोकरीला असलेल्या गेलनने पुलावर मालगाडीच्या खडीने भरलेल्या वाघिणी नेऊन उभ्या केल्या होत्या. वर ओझं असलं की पूल जागचा हलत नाही, अशी रेल्वेची जुनी पद्धत. पूल वाघिणींसकट नदीत बसला. त्या ढिगाऱ्याला पाणी अडलं, वळलं आणि खालच्या गल्लीत शिरलं. मार्लिस घरात होती. ती गेली, घरही गेलं. तिची पाककृतींची पेटी, भिंतीवरचं कॅलेंडर, तिने लिहिलेली कार्डं, सगळं पाण्यात गेलं. तिचं अक्षर पुन्हा बघायला मिळेल असं ऑर्विनला वाटलं नव्हतं.

तो ताटलीत बटाटे घेऊन बसला. मीठ जास्त झालं होतं. त्याने ते संपवले आणि पुन्हा वाढून घेतले.

समोर महापौरबाई बोलत होत्या. पूल नव्याने उभा राहिला, धान्याची कोठी पुन्हा भरली, खालच्या गल्लीच्या जागी सुंदर बाग झाली. आपण सावरलो, असं त्या म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्विनने आणखी बटाटे घेतले.

"आवडलेले दिसतात," जाता जाता वर्ना म्हणाली.

"मार्लिसचे याहून बरे व्हायचे."

"तिचीच कृती आहे. हात माझा, त्याला काय करू?"

मग सगळे उठून जिन्याकडे निघाले. पहिली मालगाडी यायची वेळ झाली होती. गेलन मात्र ऑर्विनपाशी थांबला. डोक्यावर रेल्वेची जुनी टोपी होती.

"ऊठ लेका. सगळं गाव नदीवर चाललंय आणि तू इथे बटाटे काय चिवडत बसलायस?"

"तू जा. मी पूल पाहिलाय."

"नवा कुठे पाहिलास?"

"जुना पाहिला ना. तुझ्या खडीसकट."

गेलनने टोपी काढली, हातात फिरवली. "चल ना रे," तो हळू आवाजात म्हणाला. "लोक माझ्याशी बोलतात, पण बघत नाहीत माझ्याकडे. तू नुसता शेजारी उभा राहिलास तरी..."

ऑर्विनने भांड्याकडे बघितलं. तळाशी दोनच घास उरले होते. तो उठला.

नदीकाठी गर्दी होती. धान्याच्या वाघिणी नव्या पुलावरून सावकाश जात होत्या आणि पोरांसारखी म्हातारी माणसंही हात हलवत होती. ऑर्विन गेलनच्या शेजारी उभा राहिला. दोघांकडेही लोकांनी बघितलं. कुणीतरी गेलनच्या पाठीवर थाप मारली.

"ओझं पेलतोय बघ," गेलन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"आता यावर खडी चढवू नकोस," ऑर्विन म्हणाला आणि गाडी संपायची वाट न बघता मागे फिरला.

तळघराच्या खिडक्यांची तावदानं गाडीने थरथरत होती. वर्ना मोरीपाशी फडक्याने हात पुसत होती. भांडं तिने टेबलावर तयार ठेवलं होतं.

"घे बाबा. रिकामं परत देऊ नये म्हणून आत लिंबाच्या वड्या ठेवल्यात."

ऑर्विनने वड्या एका ताटलीत काढल्या. भांडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि खालून बघितलं. काचेतून छताचा दिवा लख्ख दिसला.

"पट्टी कुठे आहे?"

"ती होय? मेली निघता निघेना. गरम पाण्यात भिजवली, शेवटी सुरीने खरवडली. बघ कसं नव्यासारखं झालंय."

ऑर्विनने बुडावरून अंगठा फिरवला. एका जागी थोडा गोंद राहिला होता. अंगठा तिथे चिकटला.

"अगं बाई, राहिलंच का?" वर्ना म्हणाली आणि तिने सुरी उचलली. "आण इकडे, तेवढंही काढून टाकते."