दानेश्वरीचा जबाब

“आता मुक्या पोरीचा जबाब घ्यायचा तरी कसा, सांगा मला!” आकाराम हवालदारानं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

टेबलापलीकडं शिरोळकडची बसव्वा बसली होती. शेजारी तिची दानेश्वरी, सतरा वर्षांची, जन्मापासून मुकी-बहिरी. कोल्हापुरात मूक-बधिरांच्या वसतिगृहात राहून शिवण शिकायची. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला घरी आली, पहिल्या आंघोळीला आईनं तेल लावायला घेतलं, तर हाताला वळ लागले. दंडावर, पाठीवर, जुन्यावर नवे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मायलेकी सरळ कोल्हापूरच्या चौकीत.

“मी सांगती की. हिच्या खुणा मला कळत्यात,” बसव्वा म्हणाली. “वसतिगृहातला माणूस हाय. चष्मा लावतो. दार लावून घेतो अन् मारतो. नाव काय हिला सांगाय येत न्हाय, लिवाय सहीपुरतंच येतंय. हिचं ऱ्हाऊ द्या हो, ही आता माझ्यापाशी हाय. पर ज्यास्नी दिवाळीला न्यायला कुणी येत न्हाय, अशा पाच-सहा धाकट्या तितंच हायत. त्यांच्यासाठनं हिनं मला वडत आणलंय.”

दानेश्वरीनं तळहात खुर्चीच्या दांडीशी धरून दाखवला. एवढ्याएवढ्या.

हवालदार माणूस वाईट नव्हता. वळ बघून त्यानं च्यक् केलं, दोघींना चहा मागवला. पण आईचं म्हणजे ऐकीव. जबाब पोरीचाच पाहिजे, आणि तोही खुणा जाणणाऱ्या माणसाच्या तोंडून. ऐन दिवाळीत असा माणूस आणायचा कुठनं? त्यानं वसतिगृहालाच फोन लावला. शिक्षक सगळे गावी गेलेले. अधीक्षक म्हणाले, खुणा मला येतात, मीच येतो. हवालदाराला हायसं वाटलं. आता याला काय म्हणावं!

अर्ध्या तासात गणपतराव अधीक्षक आले. इस्त्रीचा सदरा, चष्मा, हातात फराळाचा डबा.

दानेश्वरी खुर्चीसकट मागं सरली. दोन्ही डोळ्यांना बोटांची कडी लावली, चष्म्यासारखी. मग बोट सरळ त्यांच्या छातीवर रोखलं.

यात न कळण्यासारखं काय होतं? हवालदाराला कळलं, बसव्वाला कळलं, गणपतरावांनाही कळलं.

“काय म्हणतीया ओ सर ती?” हवालदारानं विचारलं. विचारायला दुसरं कोण होतं?

“सर आले, म्हणते.”

“साहेब, ह्योच त्यो!” बसव्वा ताडकन उठली. “खोटं बोलतोय! ह्योच हाय की!”

“मावशी, मारताना तुमी बघितलासा?”

“न्हाय.”

“मग बसा खाली.” हवालदार तिच्याकडं बघत नव्हता. त्यानं कागदावर तारीख घातली. “सर, वळ कशाचे ते विचारा तिला.”

गणपतरावांनी हातानं काहीतरी विचारलं. दानेश्वरी सांगायला लागली. दार लावलं. कडी घातली. छडी. पुन्हा छडी. मग खाली, गुडघ्याएवढी एक पोर, रडणारी. तिच्यावर दानेश्वरी आडवी. मग पाठीवर छडी, मोजता येत नाही इतक्यांदा. हात थांबेनात. बसव्वाच्या डोळ्यांना धार लागली. आडवी पडल्याचं पोरीनं तिला घरी सांगितलं नव्हतं.

“न्हाणीघरात पाय घसरून पडले, म्हणते.”

हवालदाराचं पेन अडलं. “एवढे हात केले ते नुसतं पडली म्हणून?”

“यांची भाषा अशीच लांबण लावते हो.”

हवालदारानं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग त्यानं लिहिलं.

माणसाचे ओठ वाचायला दानेश्वरीला याच वसतिगृहाच्या लोकांनी शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं. ती गणपतरावांच्या तोंडाकडं बघत होती. तिचे हात हळूहळू खाली आले आणि मांडीवर पडून राहिले. पुढचे तीन प्रश्न ती हललीसुद्धा नाही. त्यांची उत्तरं गणपतरावांनीच दिली.

सहीला ती पेन धरेना, म्हणून हवालदारानं तिचा अंगठा शाईला लावून कागदावर टेकवला. नीट उठला नाही, परत टेकवला. “सर, समजावून सांगणारा म्हणून खाली तुमची सही.”

गणपतरावांनी झोकात सही केली आणि डबा उचलला. “निघू मी? धाकट्या वाट बघत असतील. फराळ न्यायचाय त्यांना.”

दानेश्वरीनं तेही वाचलं. ती उठली, आपली पिशवी खांद्याला लावली आणि त्यांच्या मागोमाग चालू लागली.

“आगं, कुटं निघालीस?” बसव्वा ओरडली. ओरडून काय उपयोग! ती धावली, दारात पोरीला आडवी झाली. “तुला मारून टाकंल त्यो!”

दानेश्वरीनं तळहात गुडघ्याशी धरला, बाहेर बोट केलं, पुन्हा तळहात गुडघ्याशी. बसव्वानं तिची दोन्ही मनगटं धरली, जीव खाऊन धरली. बाहेर स्कूटर सुरू झाली. पोरगी हिसके देत होती, बोटं वळवळत होती. आईनं हात सोडले नाहीत, त्यामुळं तिला पुढचं काही बोलता आलं नाही.