बोटभर पाणी

कुंदाबाईंनी ओल्या हळदीत बोट बुडवून लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला टेकवलं आणि तिथलं जांभळं फूल फसकन पसरलं.

"अवं माय!" त्यांनी हात मागे घेतला.

यावलात शिशाचे खिळे जुळवून पत्रिका छापणारा छापखाना होता. पण पुतणीची हौस! सुनंदानं स्वतःच्या लग्नाच्या साठ पत्रिका घरी केल्या होत्या. जाड कागद दुमडायचा, भेंडी आडवी कापायची, शिक्क्याच्या पॅडवर दाबायची आणि चारी कोपऱ्यांत पाच-पाच पाकळ्यांची फुलं उठवायची. मजकूर बॉलपेनचा, तो तगला. शाईचं फूल मात्र ओलं होताच वाहून गेलं. तेही पहिल्याच पत्रिकेवर, कुलदेवीपुढे ठेवायच्या.

"चांगलं नाई हे," हळद लावायला जमलेल्या शेजारणींतल्या लताबाई पुटपुटल्या.

भिकुआत्या उंबऱ्यापलीकडे पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. आईमाघारी सुनंदाला तिनंच वाढवलं. पण विधवेनं लग्नाच्या हळदीकुंकवाला हात लावायचा नसतो, म्हणून कुणी सांगायच्या आतच ती बाजूला झाली होती. सुनंदाला सकाळपासून तेच सलत होतं.

तिनं डागाळलेली पत्रिका उचलली आणि आत्याच्या मांडीवर ठेवली.

"पाय बरं, काही करता येते का."

आत्यानं कोरडं राहिलेलं एक फूल निवडलं. तांब्यात बोट बुडवलं, झटकलं आणि एका पाकळीवरून हलकेच बाहेर ओढलं. शाई बोटामागे आली, कडेला गडद, आत फिकी. पाचही पाकळ्या तशाच ओढल्या. भेंडीचा ठसा जाऊन तिथं खरंच फूल दिसू लागलं.

सुनंदानं उरलेला गठ्ठा आणून तिच्यापुढे ठेवला. "ह्या बठ्ठ्या, साऱ्याच्या साऱ्या तूच कर."

आत्याचं बोट थबकलं. "मी कसं वं माय? लग्नाच्या पत्रिका ह्या."

"कुकाले हात लावाचा नाई ना?" सुनंदानं तांब्या तिच्याजवळ सरकवला. "हे त निस्तं पानी."

ओसरीवर लताबाईंनी पदर सारखा केला. सगळ्यांच्या नजरा कुंदाबाईंवर, कारण घरातलं शेवटचं बोलणं त्यांचंच. त्यांनी आत्यानं केलेलं ओलं फूल निरखलं. मग त्यांनी हळदीची वाटी स्वतःकडे ओढली.

"हळद आपन पत्रिकेच्या आतून लावू," त्या म्हणाल्या. "कोपरे भिकुअक्काले राहू द्या."

जेवणवेळेपर्यंत साठ पत्रिका अंगणातल्या बाजेवर वाळत पडल्या होत्या. बायकांनी हात धुतले. भिकुआत्याच्या बोटाची जांभळी शाई काही निघाली नाही, आणि तिनं ते फारसं घासलंही नाही.